अकरा आवतनं

आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर मांजराला आधी जाऊ द्यायचं, एवढाच नियम होता. आजोबा वकील, वडील सरकारी नोकरीत. भुताखेताची गोष्ट कुणी काढली की वडील चष्मा वर करून विचारायचे, "साक्षीदार कोण?" मी त्यांचीच मुलगी. नारायणगुड्याच्या एका शाळेत उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवला, व्याकरणाच्या चुका काढल्या, आणि असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली. त्यामुळे आज या सदरासाठी लिहायला बसताना थोडी लाज वाटतेय... पण काय करू, माझ्याकडे साक्षीदार आहेत. चांगल्या पंधरा-सोळा बायका!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या. दिलसुखनगरला दर महिन्याला एक नवा कॉम्प्युटर क्लास उघडायचा आणि वर्गातली मुलं मला सरळ विचारायची, "टीचर, मराठी घेऊन फायदा काय?" अशात एका भाषा-अभ्यासकांचं पत्र आलं. महाराष्ट्राबाहेर बोलल्या जाणाऱ्या मराठीचे नमुने, जुनी गाणी, म्हणी, गोष्टी त्यांना टेप करून हव्या होत्या. सोबत एक छोटा रेकॉर्डर, दहा कोऱ्या कॅसेट आणि ठळक अक्षरात सूचना: कॅसेट जपून वापराव्यात.

माझी जुनी विद्यार्थिनी सुनीता मला अंबरपेठेत तिच्या घरी घेऊन गेली. हे लोक आरे मराठे. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे तेलुगू मुलखात येऊन शेती करणारे, आता शहरात दुकानं नि नोकऱ्या. घरातली बोली मराठीच, पण तिच्यात तेलुगू आणि दखनी उर्दू अशी मुरलेली, की वेगळी काढता येऊ नये. खरं सांगते, पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात लाल शाई घेऊनच बसले होते.

सुनीताची आजी रुक्कव्वा म्हणजे सत्तरी ओलांडलेली, खणखणीत आवाजाची बाई. मला पाहताच म्हणाली, "ये टीचरम्मा, बस. आमच्या मराठीला हसायला आलीस काय?" मी ओशाळले. मग तीच खो खो हसली, माझ्या हातात उकळत्या चहाचा ग्लास दिला आणि आमची गट्टी जमली ती जमलीच.

म्हणी झाल्या, गोष्टी झाल्या. मी हळदीच्या गाण्यांचं विचारलं, तेव्हा मात्र तिनं हात झटकले.

त्यांच्या घरातली रीत अशी. लग्नाआधी जात्यावर हळद दळायची आणि दळताना अकरा आवतनं द्यायची. आवतन म्हणजे आमंत्रण. देवांना, वेशीतल्या देवीला, गेलेल्या वाडवडिलांना आणि सगळ्यात शेवटी जावयाला. एक बाई प्रश्न म्हणते, "आवतन कुणाला?" समोरची उत्तर देते, त्याला झेल म्हणायचं. मग सगळ्या बायका ते उत्तर घोळवतात. अकराही झेल झाल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. या घरात पन्नास वर्षं प्रश्न रुक्कव्वाचे आणि झेल तिच्या धाकट्या जावेचे, चंद्रव्वाचे. चंद्रव्वाला जाऊन चार वर्षं झाली होती.

"मग उत्तरं तुम्हीच सांगा की," मी म्हणाले.

"मला कुठं येतात? देवाची दोन येतात, पुढली नऊ चंद्रीकडं."

"पन्नास वर्षं ऐकलीत ना?"

"काय की बाई! ती म्हणायची तवा मी दम घ्यायची, पुढलं जुळवायची. माझं ध्यान माझ्या ओळीवर. ती मरंल असं कुणाला वाटलंवतं?" मग आवाज उतरवून म्हणाली, "आता सुनीचं लगीन करायचंय. अर्ध्या आवतनावर कोण येतंय, सांग? वाडवडील म्हणतील, म्हातारी आम्हाला इसरली."

हीच तिची खरी काळजी होती. नातीच्या लग्नात आपली माणसं बिनबोलावली राहणार...

शेवटी माझ्या हट्टापायी ती नुसते प्रश्न म्हणायला तयार झाली. प्रश्न म्हणायची, आणि मग सवयीनं झेलाएवढी जागा सोडून शांत बसायची, नजर समोरच्या भिंतीवर. आणि मी? मास्तरीणबाई ना! रिकामी टेप कशाला घालवायची, म्हणून प्रत्येक प्रश्न संपला की पॉज दाबायचे. टक. पुढचा प्रश्न आला की पुन्हा सोडायचे. टक. त्या शांततेत तिला कोण ऐकू येत होतं, हा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. कॅसेट वाचवल्याचं समाधान तेवढं घेऊन मी घरी आले.

दोन महिन्यांनी सुनीताचं जमलं. मुलगा नरसिंग, वीजखात्यात नोकरीला. एकदम हसरा. लग्नाच्या आठ दिवस आधी त्यानं नवीकोरी स्कूटर घेतली होती आणि तिच्या हँडलला लिंबू-मिरची बांधून तो अंबरपेठेत दोन चकरा मारून गेला होता. रुक्कव्वानं खिडकीतून पाहून घेतला नि म्हणाली, "पोरगा बरा हाय. हार्न लई वाजवतो."

हळदीच्या दिवशी सकाळी दहाला मी पोचले. खरं गाणं टेप करायला रेकॉर्डर नेला होता, आणि रुक्कव्वाला तिचा आवाज ऐकवायला ती जुनी कॅसेट. अंगणात मांडव, जात्याला आंब्याची डहाळी बांधलेली, पिवळी साडी नेसून सुनीता पाटावर. आत पोरी टेपवर सिनेमाची गाणी लावायच्या तयारीत. आणि जात्यापाशी रुक्कव्वा अडून बसलेली.

"दोन आवतनं म्हणू, मग सगळ्या देवांना एकदाच हात जोडू," कुणीतरी तोडगा काढला.

"तुझ्या घरी असं बोलावलं तर तू जाशील?" रुक्कव्वानं विचारलं.

अर्धा तास झाला. हळकुंडं तशीच. सुनीता पहाटेपासून उपाशी, तिचा जीव कासावीस. शेवटी तीच म्हणाली, "अव्वा, तू म्हणू नक्को. टीचरकडं तुझी केसेट हाय. ती लावू. अकरा प्रश्न तरी होतील ना? उत्तरं देव समजून घेतील."

म्हातारीनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून कळलं नाही. मी रेकॉर्डर जात्याजवळ ठेवला आणि बटण दाबलं.

*पैलं गं आवतन, सांग बाई कोणाला?*

रुक्कव्वाचा आवाज. मी 'टक'ची वाट पाहत होते. टक आलंच नाही. टेप नुसती सरसरत राहिली... आणि मग दुसरा आवाज आला. बारीक, थोडा नाकातला, हसू दाबून धरल्यासारखा.

*वाटंवरल्या मारुतीला, त्याच्या शेंदरी पायाला.*

हा आवाज मी टेप केलेला नव्हता. चंद्रव्वाला मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं! पण त्या अंगणात घाबरलेली बाई मी एकटीच. एकीनं टाळी वाजवली, "अय्यो, चंद्रव्वा!" दुसरी तोंडावर पदर धरून हसायला लागली. आणि रुक्कव्वा? तिनं जात्याचा खुंटा गच्च धरला, रेकॉर्डरकडे पाहिलं आणि खच्चून ओरडली, "आलीस काय गं! कवापासून वाट बघायलेय!"

जातं फिरायला लागलं. प्रश्न टेपमधला, झेल टेपमधला, आणि मागून पंधरा बायका तो घोळवतायत. तिसरं, चौथं... पाचवं वेशीतल्या पोचम्माला, निंबाच्या डहाळीला. सातव्याला झेल आला:

*बिदरच्या वाटंवरल्या लिंगव्वा आजीला, अर्ध्या वाटंत राहिली तिला.*

"हीच!" रुक्कव्वा हुंदका देऊन म्हणाली. "हीच इसरली होती मी. गाव सोडून येताना वाटेतच गेली ती. सासू सांगायची." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात दळत होता. माझेही डोळे भरून आले. भीती कधी गेली, कळलंच नाही.

आठवं, नववं, दहावं. आणि शेवटी:

*अकरावं गं आवतन, सांग बाई कोणाला?*

*इस्कुटरवाल्या राजाला, नर्सिंगा जावयाला!*

काय सांगू, अंगणात नुसता हसण्याचा स्फोट झाला. सुनीता पाटावरच लाजून वाकडी झाली. कुणीतरी मूठभर हळद उधळली, ती माझ्या पांढऱ्या साडीवर. हसू ओसरल्यावर मग एकेकीच्या लक्षात यायला लागलं, की टेप केली तेव्हा हे स्थळ कुणाला माहीतसुद्धा नव्हतं, स्कूटर तर आठ दिवसांची. आणि चंद्रव्वा चार वर्षांपूर्वी गेलेली. त्या एकमेकींकडे बघायच्या आणि पुन्हा हसायच्या.

जेवणं झाल्यावर मी एका कोपऱ्यात बसून कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. प्रश्न. टक. प्रश्न. टक. अकरा प्रश्न, मध्ये काही नाही. तीनदा ऐकली. सगळं मिळून चार मिनिटांचंसुद्धा नव्हतं... आणि सकाळी तीच कॅसेट, बाजू न बदलता, सगळी हळद दळून होईपर्यंत चालली होती.

मी धावत रुक्कव्वाकडे गेले. "अहो, यात काहीच नाही!"

ती निवांत पान लावत होती. "यात कायकू राहील? सगळ्याजणी शिकल्या की."

आणि ते खरंच होतं. घोळवता घोळवता अकराही झेल बायकांच्या तोंडात बसले होते. सुनीताला तर एक शब्द न चुकता येत होते.

माझे यजमान इंजिनियर. ते म्हणाले, कॅसेटवर आधीचं कुणाचं तरी रेकॉर्डिंग राहिलं असेल. पण तिचं प्लास्टिक मीच फाडलं होतं. मग म्हणाले, सामूहिक भ्रम. मी विचारलं, भ्रमात लिंगव्वा आजीचं नाव बरोबर कसं येतं? त्यावर त्यांनी आमटी वाढून घेतली.

तरी मी एक केलं. त्याच उन्हाळ्यात सुनीताला घेऊन चंद्रव्वाच्या माहेरी गेले, जहिराबादच्या बाजूला. तिथं तिची नव्वदीला टेकलेली आत्या होती. मी प्रश्न म्हटले, सुनीतानं झेल दिले. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

"चंद्रीचंच हाय," ती म्हणाली. "जावयाच्या नावाला कायतरी चिकटवायची खोड तिचीच. कवा शिकवली तुला?"

"माझ्या हळदीला," सुनीता म्हणाली.

"लगीन कवा झालं?"

"औंदा, माघात."

म्हातारीनं बोटं मोजली. "हौ," ती शेवटी म्हणाली, "उशीर तर तिला कायमच व्हायचा. पर लगीन कुणाचं चुकवायची नाही." आणि सुनेला भाकरी टाकायला सांगून ती आमच्या प्रवासाची चौकशी करायला लागली.

ती कॅसेट मी अभ्यासकांना पाठवली, सोबत सुनीताच्या तोंडून टेप केलेले झेलही. 'मिळालं कुठून' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तो कोराच ठेवला. आजही सुचत नाही. कुणा वाचकाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त भ्रम म्हणू नका, ते घरी ऐकून झालंय.

रुक्कव्वा पुढे दहा वर्षं ठणठणीत जगली आणि झोपेतच गेली. मागच्या वर्षी सुनीताच्या मुलीचं लग्न झालं. मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. झेल मात्र आईबरोबर घडाघडा म्हणत होती. प्रश्न म्हणायचा मान मला दिला होता. मी, नारायणगुड्याची मास्तरीणबाई, त्यांच्या बोलीत, बसक्या आवाजात, अकरा प्रश्न म्हटले आणि थांबले.

सुनीता जात्याचा खुंटा सोडेना. म्हणाली, "टीचर, अजून एक विचारा."

"अगं, अकराच आहेत ना?"

"विचारा तर."

मी विचारलं. *बारावं गं आवतन, सांग बाई कोणाला?*

*रुक्का-चंद्रा जावांना. भांडत येतील, येऊ द्या त्यांना!*