आवाजाचा मालक

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. यजमान "या, बसा" म्हणतोय, पाण्याचा तांब्या समोर आलाय, आणि हे उंबऱ्यात उभे राहून छत न्याहाळतायत. मग दाराजवळचीच खुर्ची ओढून बसायचे, आतल्या सोफ्यावर कधीच नाही. लातुरात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या छताकडं इतका वेळ पाहिलं, की बायकोनं दुसऱ्या दिवशी सगळ्या घरातली जळमटं काढून घेतली. "वर बघून बसावं, खाली बघून चालावं," असं ते म्हणायचे. मला ती जुनी म्हण वाटायची. ती त्यांनीच केलेली होती.

दुसरी एक गोष्ट मी माझ्या गच्चीवरून पाहायचो. ढग गडगडले, की अप्पा आणि त्यांच्या पत्नी, आक्का, दोघंही घर सोडून अंगणात येऊन उभे राहायचे, एका छत्रीत. पाऊस असो नसो. कोण कुणासाठी बाहेर आलंय ते काही कळायचं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती, कारण अप्पा तोंडाचे फटकळ.

त्यांची मार्केट यार्डात धान्याची अडत होती. मी लोहा गावच्या शाळेत विज्ञान शिकवत मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, म्हणजे त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक तारेतलं मला कळत होतं. त्यांच्या मुलानं, शिवराजनं, नवा बंगला बांधायला काढला आणि तळघरात सिनेमाची खोली ठरवली, तेव्हा अप्पा सकाळी सकाळी माझ्या दारात हजर.

"चला सर, स्पीकर निवडायचेत."

"अप्पा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मलाबी न्हाई. दोघं मिळून तर कळंल की!"

शिवराजची एकच अट होती. आई-वडील खाली येऊन सगळ्यांबरोबर एक अख्खा सिनेमा बघणार असतील तरच खोली करायची, आणि स्पीकर अप्पा म्हणतील तसे. आता ज्या माणसाला माझ्या दिवाणखान्यात दोन पावलं आत बसवत नाही, तो तळघरात तीन तास बसणार कसा? आणि बसायचंच नसेल तर "हो" म्हणाला कशाला? माझं डोकं चालेना.

नांदेडहून फहीम नावाचा स्पीकरवाला आला. पोरगा हुशार आणि बोलका. भिंतीत पाच स्पीकर, छतात चार, आणि जाड आवाजासाठी पडद्याखाली कोपऱ्यात एक मोठी पेटी, असा त्याचा बेत. सगळं प्लॅस्टरच्या आत, वरून कापड. तो खुशीत येऊन म्हणाला, "अप्पा, कमाल देखो, स्पीकर नजर मेंच नै आते. आवाज किधर से आरा, समजताच नै."

अप्पा ताडकन उठले. "मग नको."

"क्यों नको?"

"आरं यप्पा, तुरीचं पोतं कुणाचं, कुठल्या गावचं, हे कळल्याबिगर मी वट्ट्यावर उतरून घेत न्हाई. आन् कुठनं आला ते ठाव नसलेला आवाज घरात घेऊ व्हय? आवाजाचा मालक दिसला पायजे."

फहीम माझ्याकडं बघायला लागला, मी फहीमकडं. छतातल्या स्पीकरचं तर अप्पांनी नावच काढू दिलं नाही. "बारिश का आवाज उप्पर से आना ना अप्पा," पोरगा काकुळतीला आला. "पाऊस वरून येतो हे मला ठाव हाय. त्यासाठी छताला भोक कशाला?" असं म्हणून अप्पा तरातरा जिना चढून उन्हात जाऊन उभे राहिले.

आठ दिवस हाच घोळ. सकाळी ठरलेलं संध्याकाळी मोडायचं. एकदा तर अप्पांनी रिकाम्या तळघरात मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "सर, फिरत फिरत टाळी वाजवा. मी बोट दाखवितो." मी, माजी मुख्याध्यापक, भिंतीभिंतीनं टाळ्या वाजवत हिंडतोय आणि वर गवंडी हसतायत! चार टाळ्या अप्पांनी बरोबर ओळखल्या. पाचवी मी कोपऱ्यात वाजवली, ती रिकाम्या खोलीत चौफेर घुमली आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं. डोळे उघडले तर चेहरा उतरलेला.

"तुम्ही एकाच जागी हुता न्हवं?"

"एकाच जागी."

मग मी आगाऊपणा करून शाळेतलं ज्ञान पाजळलं. म्हटलं, अप्पा, बारीक आवाजाची दिशा तरी कळते, पण त्या पेटीतल्या जाड, घुमणाऱ्या आवाजाची दिशा कानाला सापडतच नाही. तो सगळीकडून आल्यासारखाच वाटतो.

 अप्पांनी विचारलं, "कानाला कळत न्हाई. हाताला?"

"हाताला कळेल. पेटी थरथरते."

"झालं तर. पेटी दोन खुर्च्यांच्या मधी. एक माझी, एक हिची. भिंतीतले बाकीचे बसवा, पण कापड घालायचं न्हाई. दिसू द्या."

फहीमनं कपाळावर हात मारला. पेटी मध्ये ठेवली तर सिनेमा नुसता पोटात घुमत राहील, म्हणाला. पण अप्पांचं ठरलं होतं. संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मी म्हटलं, अप्पा, माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय, आता तरी सांगा. ते हाताकडं बघत बोलले.

"गणपती बुडवून गाव झोपलं हुतं, सर. भूकंपात आधी आवाज आला, मग हाललं. जमिनीखालून ट्रक चालल्यावानी. मी उठून बसलो, आन् काय वाजतंय, कुठं वाजतंय म्हणून कान लावून ऱ्हायलो. दाराकडं बघितलं. वर बघितलं, तर मातीचं माळवद खाली यायलेलं. ही आतल्या खोलीत. दगडमाती उपसून हिला काढस्तोर दुपार झाली. तवापासून हिला गडगड सहन हुईना. माझं काई न्हाई. हिच्यासाठी करायलो हे समदं."

 पण खरं सांगायचं तर गोंधळ काही मिटला नाही. छताकडं बघत दारात उभ्या राहणाऱ्या आक्का मी कधी पाहिल्या नव्हत्या.

खोली झाली. पहिल्या सिनेमाला मलाही बोलावणं आलं. आक्का पदर सावरत जिना उतरल्या, अप्पा त्यांच्या मागून. अप्पांनी वर बघितलं, छत कोरं होतं, मग बसले. अर्ध्या तासानं पडद्यावर कुठलासा डोंगर कोसळला आणि अख्खी जमीन घुमली. शिवराज आई-वडिलांकडंच बघत होता. दोघांचे हात एकदमच पेटीवर आले, एकावर एक.

"पेटीच हाय. बसा समदे," अप्पा मोठ्यानं म्हणाले. उठलं कुणीच नव्हतं. तो सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत बसून बघितला. शिवराज जिन्यात जाऊन डोळे पुसून आला.

अप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले. जेवून दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, तिथंच. अजून माझ्या घरी कुणी आलं आणि थेट आत येऊन बसलं, की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

दिवाळीनंतर शिवराज म्हणाला, "सर, आता पेटी कोपऱ्यात हलवावी म्हणतो. आवाज लई घुमतो. पण आईला तुम्ही विचारा, माझ्यानं विचारवत न्हाई." मी खाली गेलो, अप्पांच्या खुर्चीत बसलो आणि आडवळणानं म्हटलं, "आक्का, तुम्हाला आता पहिल्यासारखी भीती वाटत नसेल तर..."

"भीती? मला?" आक्का हसल्याच. "न्हाई ओ सर. भीती ह्यांना हुती. आभाळ गडगडलं की ह्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. एकटे आंगणात गेले तर लोक हसतेत म्हणून मी आधी उठायची. मग हे 'हिच्यासाठी आलो' म्हणायचे. म्हणू द्या, म्हटलं."

 दोघांतलं खरं कोण बोललं, ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

तेवढ्यात शिवराजनं मागून सिनेमा लावला. पहिल्याच दणक्याला तळघर घुमलं आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. आक्कांनी पडद्यावरची नजर न काढता पेटीवर थाप मारली.

"पेटीच हाय, सर. बसा."

मी बसलो. त्यांनी मात्र सिनेमा संपेपर्यंत हात पेटीवरून उचलला नाही.