बीपीच्या खोलीवरची पाटी

दुसऱ्याच्या जिवावर तुम्ही कधी निर्भीड झाला आहात का? मी झालो आहे, आणि ऑइल पेंटचा वास आला की अजून मान खाली जाते. दौंडला कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाई दर बाजाराच्या दिवशी कवठे येमाईला गिरणीमागच्या खोलीत बसायच्या. दारावर एवढंच लिहिलेलं: ‘बीपी मोफत तपासा’. दंडाला पट्टा बांधता बांधता बाई माणसाला बोलतं करायच्या. एक शेतकरीण दर आठवड्याला यायची. तिचा मुलगा गेला होता आणि घरात त्याचं नाव काढायची बंदी होती. ते नाव ती फक्त इथं घ्यायची. मी बाईंच्या मदतीला दारात बसायचो, मला ऐकू यायचं. मानसिक आरोग्याची पत्रकं वाटत फिरणाऱ्या मला ही लपवाछपवी खटकली. “बाई, लाज कसली? खरं लिहू या.” “आधी त्यांना आत तर येऊ दे रे,” बाई म्हणाल्या. मी ऐकलं नाही. पुढच्या बाजाराला त्या पोचायच्या आतच मी लाल अक्षरांत ‘मानसिक आजार सल्ला केंद्र’ अशी पाटी रंगवून लावली. ती शेतकरीण दाराशी आली, तशी दळणाच्या रांगेतली एक हसली, “काय गं, डोकं फिरलं व्हय तुझं?” “न्हाई बया, दळणाला आले,” असं म्हणून ती रिकाम्या हातांनी रांगेत उभी राहिली. बाईंनी दिवेलागणीपर्यंत तिची वाट पाहिली. पाटी मी उतरवली, पण ती शेतकरीण परत आली नाही. आता बाई थकल्यात, खोली मीच उघडतो. अशा दारातून कुणी बाहेर पडताना दिसलं, तर कशाला गेला होता, एवढं विचारू नका.