गोठ्याजवळचा नळ

माझी आई अर्डिथ दर ऑगस्टमध्ये आम्हाला राज्याच्या जत्रेला न्यायची आणि दर वर्षी आदल्या दिवशी तिचं डोकं दुखायचं.

बाबा म्हणायचे, "मग नको जाऊ या. मका काय, घरीही भाजता येतो."

"जायचंय," आई म्हणायची आणि पाण्याच्या बाटल्या भरत राहायची. माणशी दोन बाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. आयोवातला ऑगस्ट म्हणजे घामाच्या धारा, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. जत्रेत मात्र ती दर थोड्या वेळानं माझ्या डोक्याला हात लावून बघायची, मी आहे ना म्हणून. आणि गुरांच्या गोठ्यावरून जाताना मधेच थबकायची, कुणी मागून हाक मारल्यासारखी वळायची. मागे कुणीच नसायचं.

"काय झालं गं?"

"काही नाही. चल."

आजीच्या घरी पियानोवर सहा वर्षांच्या एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. "तुझी ट्विला मावशी, पोलिओनं गेली," एवढंच मला सांगितलेलं. मावशी सहा वर्षांची कशी असेल, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

१९८३ साली मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षीही अल्विना आजी आमच्याबरोबर होती. ती दर वर्षी यायची, पण लोणच्या-मुरंब्यांच्या स्पर्धेचा हॉल आला की बाहेरच उभी राहायची. बाबा ट्रॅक्टर बघायला गेले होते. माझ्या दोन्ही बाटल्या संपल्या होत्या. गोठ्याच्या भिंतीशी एक नळ होता, त्यावर पोरं ओंजळीनं पाणी पीत होती. मीही वाकले.

पाठीमागून माझा दंड धरला गेला आणि कानाखाली जाळ निघाला. आईनं त्याआधी मला कधी बोट लावलं नव्हतं. आजूबाजूची माणसं बघायला लागली. "थुंक! आधी थुंक ते!" ती ओरडत होती. पाणी केव्हाच पोटात गेलं होतं.

आजीनं काही न विचारता आम्हा दोघींना ओढत बाकावर बसवलं. मला मधे घेतलं.

"अर्डी, पोरीला का मारलंस?"

आई जमिनीकडे बघत बोलायला लागली.

"तिला इथंच पाजलं होतं मी. ट्विलाला. तू म्हणाली होतीस, जत्रेतलं पाणी प्यायचं नाही, घरचं आहे ते प्या. तू आत लोणच्यांपाशी होतीस, पाण्याची बरणी तुझ्याकडे. ती रडायला लागली, अर्डी, तहान लागलीय, अर्डी, तहान लागलीय. मी नेलं तिला नळावर. माझ्या झग्यानं तोंड पुसलं तिचं. म्हटलं, आईला सांगू नकोस हं."

दोन आठवड्यांनी ट्विलाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तिचे पाय हलेनात. पुढे तिला श्वास देणाऱ्या यंत्राच्या लोखंडी पिंपात ठेवलं, फक्त डोकं बाहेर. अकरा वर्षांच्या अर्डिथला एकदाच, काचेआडून, भेटू दिलं. ट्विलानं डोक्यावरच्या आरशात तिला पाहिलं आणि ओठ हलवले. काचेतून आवाज येत नव्हता.

"ती म्हणाली, सांगितलं नाही मी," आई म्हणाली. "तेच म्हणाली ती. दुसऱ्या दिवशी गेली."

आजीचा हात माझ्या गुडघ्यावर होता. तो जड झालेला मला जाणवला.

"मला माहीत होतं," आजी म्हणाली.

आईनं मान वर केली.

"झग्याची कॉलर ओली होती तिच्या. मी तेव्हाच पाहिली. विचारलं नाही."

"का?"

"डॉक्टरांनी मला बजावलं होतं, मुलांना गर्दीत नेऊ नका, यंदा साथ फार वाईट आहे. माझ्या काकडीच्या लोणच्याला पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली होती. मला ती बरणीवर लावलेली बघायची होती गं. तासभर उभी होते तिथं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. तुला पाण्याचं विचारलं असतं तर तू मला विचारलं असतंस, इथं आणलंसच का. पाण्यानं झालं की गर्दीतल्या कुणाच्या हातानं, देव जाणे. तेव्हा डॉक्टरांनाही सांगता आलं नाही."

"एकतीस वर्षं," आई म्हणाली. "एकतीस वर्षं तू मला ते एकटीला वाहू दिलंस?"

आई उठून गोठ्यात निघून गेली. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. माझा गाल हुळहुळत होता आणि आजी त्यावरून हात फिरवत होती, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. परतताना गाडीत बाबांनी दोनदा रेडिओ लावला, आईनं दोनदा बंद केला.

हिवाळाभर आई आजीशी नीट बोलली नाही. आजी फोन करायची, आई रिसीव्हर माझ्या हातात द्यायची. मला वाटलं, आता हे जत्रेचं संपलं. पण पुढच्या ऑगस्टमध्ये आईनं स्वतःच फोन लावला. "आई, गुरुवारी निघतोय. सातला तयार राहा."

त्या गुरुवारी दोघी त्याच बाकावर जाऊन बसल्या. गोठ्यातून गाई हंबरत होत्या. थोड्या वेळानं आई नेहमीसारखी दचकून वळली. आजीनं या वेळी विचारलं, "बोलली का?"

"हो."

"काय म्हणाली?"

"तेच. तहान लागलीय."

आजीनं मान हलवली. "मला कधी हाक मारत नाही ती," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असा हेवा होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आजी गेली त्या वर्षी मी आईला म्हटलं, "आता कशाला जायचं? राहू घरी." ती राहिली. दुपारी मी तिच्याकडे गेले तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत, नळापाशी, जायला तयार नव्हती.

"जत्रेत निदान ट्विला घराबाहेर असते," आई म्हणाली.

त्यानंतर आम्ही एकही वर्ष चुकवलेलं नाही.