नवरीचं नाव

धवलारणीची कॅसेट पेणच्या बाजारात आली आणि त्या दिवसापासून तिला लग्नांत गायची बोलावणी येईनाशी झाली. आमच्या खाडीकडच्या गावांत लग्नाचे विधी धवलारणीच्या गाण्यांवर चालतात. आता लोक तिच्याऐवजी कॅसेट लावू लागले.

मी तिला एकदाच पाहिलं, ताईच्या हळदीला. कर्ण्यावर तिचाच आवाज चालला होता आणि ती मांडवाच्या कडेला कानावर तळवा धरून ऐकत होती. श्वास घ्यायची जागा आली की तिची डोलणारी मानही थांबायची.

"आजी, तू इथं बसलीस आणि गातेय कॅसेट?" ताईने विचारलं.

"आता तीच गाते गो. माझं काम जेवायचं." ती हसली. मग म्हणाली, "पण तिला तुझं नाव ठावं नाय. मुंबईला स्टुडिओत मी इचारलं, नवरीचं नाव काय? सगळे हसले. बोलले, नुसतं नवरी म्हण."

ताईने हळदीच्या हातांनीच टेप बंद केला. म्हातारी उठली आणि ताईचं नाव घेऊन गायली. आवाज मधूनच फाटत होता, पण नाव आलं की ती थांबून ते नीट उच्चारायची.

ताई आता नाही. ती कॅसेट माझ्याकडे आहे. तिच्यात ताईचं नाव नाही.