जगदेवीअक्कांचा पावणेदोन महिन्यांचा करार

मौजवाडीतल्या ओढ्यात सगळी माणसे रबरी टायरवर पाय सोडून प्रवाहाबरोबर वाहत जातात. जगदेवी बिराजदार प्रवाहाच्या विरुद्ध चालतात.

मौजवाडी हे हैदराबाद महामार्गालगतचे करमणुकीचे उद्यान. अणदूरहून रिक्षाने वीस मिनिटांवर. आकाशपाळणा, लाटांचा तलाव, रंगीत घसरगुंड्या आणि या सगळ्यांना वळसा घालणारा सिमेंटचा गोल ओढा. ओढ्यात कमरेइतके पाणी असते आणि मोटारी ते सतत ढकलत असतात. एक फेरी म्हणजे दोनशे पावले. अणदुरातल्या अकरा बायका आठवड्यातले पाच दिवस सकाळी इथे येऊन पाण्याला छाती देत प्रवाहाच्या उलट चालतात. सर्वांत पुढे जगदेवीअक्का. वय छप्पन्न.

अक्कांचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची पातळ भाकरी थापून भाजायची आणि पापडासारखी वाळवायची. ती महिनाभर टिकते. महामार्गावरच्या धाब्यांवर आणि सोलापूरच्या दुकानांत त्यांच्या भाकरीला नाव आहे. बावीस वर्षे त्या चुलीपुढे मांडी घालून बसल्या. चोपन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी मांडी सोडली. आधी पाट आला, मग पाटाखाली वीट आली, मग प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीवरून थापलेली भाकरी कडेला जाड राहते, असे धाबेवाल्यांनी सांगायच्या आधी अक्कांनीच ओळखले होते. सून सोनाली हाताखाली तयार होती, पण तिची भाकरी अजून चंद्रासारखी गोल होत नव्हती. अक्कांच्या शब्दांत सांगायचे तर ती ‘तालुक्याच्या नकाशासारखी’ यायची.

सोलापूरच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर गुडघ्याची वाटी बदला, नाहीतर रोज तासभर पाण्यात चाला.

“कुठल्या पाण्यात, डॉक्टर? विहिरीत?” अक्कांनी विचारले होते.

उत्तर गेल्या वर्षी मार्चमध्ये सापडले. नात सृष्टी हट्ट करून आजीला मौजवाडीत घेऊन गेली. ओढ्यात सृष्टीची चप्पल वाहून गेली आणि ती गोल फिरून समोरून येईल म्हणून अक्का उलट दिशेला चालू लागल्या. चप्पल मिळाली नाही. पण बाहेर आल्यावर जिना चढताना कठडा धरावा लागला नाही, हे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अडीच हजारांचा वार्षिक पास काढला.

उद्यानात सुती साडी चालत नाही, तिचे धागे गाळणीत अडकतात. म्हणून अक्कांनी नायलॉनचा पंजाबी ड्रेस शिवून घेतला. लग्नानंतर साडीशिवाय दुसरे काही अंगाला लावण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. पंधरा दिवसांनी शेजारच्या गल्लीतल्या बनाबाई आल्या, सुनेची ट्रॅकपँट घालून. खुरपणीने त्यांची कंबर धरली होती. मग एकीमागून एक अकरा जणी झाल्या. दिवाळीत अक्कांनी प्लॅस्टिकची खुर्ची अंगणात नेऊन तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली आणि परात पुढे ओढून मांडी घातली.

यंदा मार्चच्या दुसऱ्या सोमवारी मौजवाडीच्या तिकीट खिडकीवर नवे दरपत्रक लागले. वार्षिक पास अडीच हजारांवरून सहा हजार. सोबत लाह्यांचा पुडा फुकट, गाडी लावायला सावली, आणि नव्या घसरगुंडीवर रांगेविना प्रवेश.

गावात साठेक घरांत पास होते. पारावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. निवृत्त मुख्याध्यापक नानासाहेबांनी, पाण्यात डुंबायला सहा हजार मागणाऱ्यांची मती ठिकाणावर आहे का, असा सवाल केला. त्यांच्याकडे पास कधीच नव्हता. हॉटेलवाल्या गौरीशंकरने चार पास मुकाट नवे करून घेतले, कारण पाहुणे आले की त्यांना दाखवायला अणदुरात दुसरे काय आहे, हा त्याचा मुद्दा. अक्कांचा पुतण्या नंदीश याने बहिष्काराची हाक दिली. तिची चित्रफीत त्याने मोबाइलवर सगळीकडे पाठवली. चित्रफितीत तो लाटांच्या तलावात उभा होता.

बुधवारी तो अक्कांच्या चुलीपाशी आला. “काकू, तुमी अकरा जणींनी सही केली की झालं. एकबी माणूस पास काढणार न्हाय. आठ दिवसांत येतील गुडघ्यावर.”

“गुडघ्यावर कोण यायलंय ते म्हाईत हाय मला,” अक्का म्हणाल्या. “तुझं काय, आज तलाव, उद्या क्रिकेट. मला दुसरा ओढा दाव, मग सही करते.”

“मग देणार काय सहा हजार?”

“न्हाय.”

“देणार न्हाय, बहिष्कारबी न्हाय. मग करणार काय?”

“भाकरी. सरक, धूर तिकडं यायलाय.”

अक्कांना भीती नव्हती असे नाही. पासाची मुदत एकतीस मार्चला संपत होती. ओढा गेला तर पावसाळ्यापर्यंत खुर्ची पुन्हा चुलीपुढे येणार, हे त्यांना पक्के माहीत होते. पण सहा हजारांत आपण काय विकत घेतो याचा त्यांनी स्वतःपुरता विचार केला. घसरगुंडीवर त्या बसत नव्हत्या. लाह्या दातांत अडकत होत्या. रविवारी त्या जात नव्हत्या. त्यांना हवा होता फक्त वाहता ओढा, आणि एक गोष्ट त्यांनी फाटकाबाहेर थांबून वर्षभर पाहिली होती. उद्यान साडेदहाला उघडते, पण मोटारी नऊलाच सुरू होतात. पाणी गाळून स्वच्छ व्हायला दीड तास लागतो. त्या दीड तासात ओढा कोणासाठीही न वाहता वाहत असतो.

गुरुवारी त्या धोंडप्पांकडे गेल्या. धोंडप्पा तहसिलातून निवृत्त झालेले कारकून. अक्षर मोत्यासारखे. अक्का त्यांना म्हणाल्या, “मामा, एक करार लिवून द्या. आपल्या देवाचा असतो तसा.”

अणदुरात याचा वेगळा खुलासा लागत नाही. इथला खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. देव एका गावाने दुसऱ्या गावाला सोपवायचा, तर त्याआधी मानकरी बसतात आणि लेखी करार होतो. कोणत्या तिथीला नेणार, कोणत्या तिथीला आणणार. देवाच्या बाबतीतही इथे कोणी तोंडी शब्दावर विसंबत नाही.

धोंडप्पांनी ते काम मनावर घेतले. इतके मनावर, की देवाच्या कराराचा साचाच त्यांनी समोर ठेवला आणि नावे तेवढी बदलली. अक्कांनी चष्मा न लावता खाली सही केली. बाकीच्या दहा जणींनीही केली.

मौजवाडीचे व्यवस्थापक कृष्णराज हे बत्तीस वर्षांचे, सोलापूरचे. शुक्रवारी सकाळी त्यांच्या काचेच्या खोलीत अक्का आणि बनाबाई गेल्या. कृष्णराज यांनी बाँड कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिली दोन कलमे सरळ होती. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते साडेदहा, फक्त ओढा, जुना दर. तिसऱ्यात तारखांची जागा कोरी होती. चौथ्या कलमाशी ते थांबले.

“‘ठरल्या समयी वाजतगाजत न्यावे, व कोणतीही इजा वा भंग न होता, जसे नेले तसे सुखरूप स्वस्थानी परत आणून पोचवावे.’ आजी, हे काय आहे? कोणाला परत आणायचं?”

बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. तहसिलातल्या मोत्यासारख्या अक्षरात देवाचे कलम जसेच्या तसे उतरले होते. अक्कांना ते त्याच क्षणी कळले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही.

“आमाला,” त्या म्हणाल्या. “अकरा जणी येतो, अकरा जणी धड परत गेल्या पायजेत. वाजंत्री न्हाय लावली तरी चालंल.”

कृष्णराज हसले, मग लगेच गंभीर झाले. “आजी, अडचण तीच आहे. उद्यान उघडायच्या आधी जीवरक्षक नसतो. कुणी घसरलं, तर जबाबदार मी.”

“निकिता नऊला येती की,” बनाबाई बोलल्या.

निकिता ही ओढ्यावरची जीवरक्षक, नळदुर्गची. तिला आत बोलावले. ती म्हणाली, “सर, पाणी तपासायला मी नऊपासून काठावरच असते. उलट सकाळी एकटीच असते. या आल्या तर बोलायला तरी कोणी.” आणि मग अक्कांकडे बघून, “पण करारात नळदुर्गचं नाव घाला. देव तुम्ही दहा महिने ठेवून घेता, निदान इथं तरी आम्हाला मान द्या.”

“बग, हिला मान पायजे,” अक्का म्हणाल्या. “घालू. साक्षीदार म्हणून घालू.”

कृष्णराज यांनी कागद खाली ठेवला. मुख्य कार्यालयाला वार्षिक पासाचा एकच दर हवा आहे, त्यात त्यांच्या हाती काही नाही, असे त्यांनी सांगितले. सुट्टीच्या हंगामात तर सकाळी आठपासून रांगा असतात. त्या दिवसांत ओढा रिकामा देणे शक्यच नाही.

अक्कांनी कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाल्या, “तुमची सुट्टीची गर्दी कवापासून कवापर्यंत?”

“वीस एप्रिल ते बारा जून.”

“म्हंजी पावणेदोन महिने.”

“साधारण तेवढेच.”

“मग ते पावणेदोन महिने तुमचे. आमी येणार न्हाय. आमचा देवबी तितकेच दिवस गाव सोडतो, त्याचं काय बिघडत न्हाय. सव्वादहा महिने आमचे. आता हा वर्षाचा पास ऱ्हायलाच न्हाय, तर वर्षाचा दर कसा लावणार तुमचं कार्यालय?”

कृष्णराज यांनी तिथेच फोन लावला. दहा मिनिटे ते काचेपलीकडे येरझाऱ्या घालत बोलत होते. दोनदा त्यांनी कागद वाचून दाखवला, आणि दुसऱ्यांदा चौथे कलम वाचताना पलीकडचा माणूसही हसला असावा, कारण कृष्णराज यांनी फोन कानापासून लांब धरला. आत आल्यावर ते म्हणाले, “एक वर्षासाठी मान्य. दर जुनाच. दरवर्षी नव्याने बोलायचं.”

“देवाचंबी दरवर्षी नव्यानंच असतंय,” अक्का म्हणाल्या. “बोलू की.”

“आणि ते चौथं कलम काढून टाका.”

“ते न्हाय निघणार. त्यावर अकरा सह्या झाल्यात.”

तिसऱ्या कलमात पेनाने तारखा भरल्या गेल्या. चौथे कलम राहिले. साक्षीदार म्हणून निकिताने सही केली आणि पुढे कंसात नळदुर्ग लिहिले.

रिक्षात बसल्यावर बनाबाईंनी इतका वेळ धरून ठेवलेला प्रश्न विचारला. “अक्का, गेल्या मे महिन्यात आपण जाऊन जाऊन किती दिवस गेलो?”

“चार.”

“ओढ्यात माणसं हुती का उसाच्या मोळ्या, कळंना. पाय ठिवायला जागा नव्हती. म्हंजी जे आपल्याला नकोच हुतं, ते तू त्याला दान केलंस.”

“मग? हे त्याला म्या सांगायचं व्हतं व्हय?”

नंदीशला ही बातमी चुलीपाशीच कळली. बायकांनी लढा मोडला, अशी त्याने तक्रार केली. अक्कांनी त्याला गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली आणि विचारले की बहिष्कारात किती जण उरलेत. तो खात राहिला. साठातल्या वीसेक घरांनी तोवर नवे पास काढले होते. बाकीच्यांनी पोरांना सांगितले की यंदा मामाच्या गावची विहीर. नानासाहेब अजून पारावर सहा हजारांचा हिशेब विचारतात.

वीस एप्रिलला अकरा जणी थांबल्या. ते दिवस फुकटचे नव्हते. मेच्या मध्यावर अक्कांचा उजवा गुडघा सकाळी वाजू लागला. जूनच्या पहिल्या आठवड्यात सोनालीने न विचारता तुळशीची कुंडी उचलली आणि खुर्ची धुऊन चुलीपाशी आणून ठेवली. अक्कांनी खुर्चीकडे पाहिले.

“कुंडी परत ठिव,” त्या म्हणाल्या. “पाट आण. आठ दिवसांचा प्रश्न हाय.”

आठ दिवस त्यांनी पाटावर बसून काढले. विटेला हात लावला नाही.

तेरा जूनला शनिवार होता. पंधराला सकाळी नऊला अकरा जणी मौजवाडीच्या फाटकावर हजर होत्या. मोटारींचा आवाज सुरू झाला. एप्रिलमध्ये अक्कांना एका फेरीला सहा मिनिटे लागत. त्या दिवशी पहिल्या फेरीला काठावरच्या घड्याळात नऊ मिनिटे गेली. तिसऱ्या फेरीला आठ झाली. निकिता काठावरून ओरडली, “अक्का, आज बास करा!” अक्कांनी हात हलवला आणि चौथी फेरी धरली.

जुलैच्या पहिल्या सोमवारी कृष्णराज काठाशी आले. हातात करार होता. मुख्य कार्यालयाने त्याची प्रत मागवली होती. दुसऱ्या एका गावातल्या उद्यानातही सकाळी असाच दीड तास ओढा रिकामा वाहतो म्हणे.

“आजी, तुमचं नाव कळवू का त्यांना?”

“नाव कळवा, पण कलम चौथं गाळू नका,” अक्का म्हणाल्या, आणि पाण्यातून बाहेर यायला पायऱ्या चढल्या. कठडा डावीकडे होता. त्यांनी तो धरला नाही.

घरी पोचल्या तेव्हा साडेअकरा झाले होते. धाब्यांची मागणी दोनशे भाकरींची होती. सोनालीने पाट पुढे सरकवला. अक्कांनी तो पायाने बाजूला केला, जमिनीवर मांडी घातली आणि पीठ परातीत ओतले.

“तू थापायला बस,” त्या सुनेला म्हणाल्या. “म्या भाजते. आणि आज नकाशा नको, भाकरी पायजे.”