उघड्या दारासमोरचे तीन फोटो

"मागच्यासारखे काळे चेहरे नकोत," कांबळे काका स्टुडिओच्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाले.

माझी मान खाली गेली. रोलच्या जमान्यातली, नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. त्यांच्या थोरलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, बदलापूरच्या बुद्धविहारात. मूर्तीशेजारी मी, समोर माणसं आणि त्यांच्या मागे सताड उघडं दार. बाहेर रणरणतं ऊन. त्या उजेडाने कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसला. दार झकास आलं, माणसांच्या नुसत्या सावल्या. पुढे वर्षभरात काकू गेल्या. लेकीच्या लग्नातला त्यांचा चेहरा कोणाकडेच नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये गल्लीगणिक स्टुडिओ होते. तरी काका धाकटीच्या लग्नाला माझ्याकडेच आले.

"लग्न तिथेच आहे. माझी आई ऐंशीची झाली. तिचा चेहरा आला पाहिजे."

"फ्लॅशने पुढच्या पांढऱ्या साड्या चमकतील, मागचे काळेच राहतील," मी म्हणालो. "दार बंद करता येईल?"

"अर्धी माणसं बाहेर मांडवात. त्यांच्या तोंडावर लावू?"

राहिला एकच उपाय, ब्रॅकेटिंग. म्हणजे एकाच दृश्याचे उजेड कमीजास्त घेऊन तीन फोटो. एक तरी बरोबर येतो. आमच्या स्टुडिओच्या मालकाला, सिंधी सेठला, ते पटायचं नाही. "एक पोज, एक फोटो! रोल क्या आसमान से गिरता है?" माझी अडचण वेगळीच होती. लग्नात तीन फोटो होईपर्यंत माणसं जागेवर राहतात कुठे? काकांना तसं सांगून टाकलं.

काका अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर. कॅमेरा कधी हातात धरलेला नाही. जरा विचार करून म्हणाले, "अरे, त्रिशरण आम्ही तीनदा म्हणतो. एकदा साधं, मग दुतियंपि, मग ततियंपि. हात जोडलेले, कोणी हलत नाही. दर वेळी एक घे."

माझ्या धंद्यातला तोडगा फिटरने काढला! त्या डोक्याचं मला आजही कौतुक वाटतं.

लग्नात कॅमेरा स्टँडवर लावला. पहिल्या वेळी मीटर सांगेल तेवढा उजेड. दुतियंपिला दुप्पट, ततियंपिला चौपट. पुस्तकात एक फोटो कमी उजेडाचाही घ्यायला सांगतात. पण मागे असं दार असताना कमी करून काय मिळणार? आजी नातीच्या शेजारी हात जोडून उभी होती, शेवटपर्यंत तसूभर हलली नाही.

पहिला फोटो काळा. दुसऱ्यात ओळख पटत होती. तिसऱ्यात दार पांढरंफटक, पण आजीच्या सुरकुत्या मोजून घ्या. सेठसुद्धा बघत राहिला.

काका तिन्ही फोटो पाकिटात घालू लागले.

"काळा कशाला नेताय?"

"थोरलीला दाखवतो. तिच्या लग्नात तिच्या आईचा चेहरा का आला नाही ते तिला कळेल. अजून रागावलीय तुझ्यावर."

मी निगेटिव्हही त्याच पाकिटात घातल्या.

तेव्हापासून नवं काम आलं की मी उजेडाचं नंतर बघतो. आधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारतो, तुमच्याकडे सगळे न हलता उभे राहतात ती वेळ कोणती?