दगडातलं पाणी

दोघी सख्ख्या जावा एकाच दगडकापणीच्या शेडमध्ये कामाला होत्या. थोरलीची करवतीवर बावीस वर्षं गेली. बटाट्यासारखे ओबडधोबड दगड ती अशा बेताने कापायची की आतल्या जांभळ्या स्फटिकांचं एक टोकही दुखावत नसे. धाकटीला येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. ती दगड तळहातावर तोलायची, कानाशी धरायची आणि सांगायची, "हा पोकळ. हा भरीव." दहातले नऊ बरोबर निघत. गिऱ्हाईक आलं की मालक हाक मारायचे ती धाकटीलाच.

"दगडांशी गप्पा मारते ही," थोरली घासकाम करणाऱ्या बाईला म्हणायची. "नवऱ्याशी मारल्या असत्या तर माझा दीर जरा माणसात आला असता!"

एकदा संग्रहालयाच्या बाई दगड बघायला यायच्या होत्या. धाकटीने खरबुजाएवढा दगड बाजूला काढला.

"ताई, हा कापायचा नाही हं. आत पाणी आहे. हलवून बघा ना."

थोरलीने हलवला. तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

मालक मात्र हरखले. "लाव्हा थिजताना वायूचा बुडबुडा आत अडकला, ती ही पोकळी. मग तिच्यात पाणी झिरपत राहिलं. पाण्यात विरघळलेलं खनिज भिंतीवर थर देत गेलं आणि मोकळ्या जागेकडे टोकं करून स्फटिक वाढले. त्यातलंच पाणी कोंडून राहिलंय, लाखो वर्षं! बाईंना हाच दाखवू. आणि यापुढे कोणता दगड कापायचा ते धाकटी ठरवेल."

या एका मानाची थोरलीने बावीस वर्षं वाट पाहिली होती.

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली, तसा तिने तो दगड करवतीला लावला. भरीव निघाला की धाकटी सगळ्यांदेखत तोंडावर पडणार होती.

पात्यावर पाणी सोडलेलंच असतं, ते गढूळ होऊन खाली वाहत होतं. पातं निम्म्यावर आलं आणि त्या गढुळातून एक नितळ धार निसटली. थोरलीच्या अंगठ्यावरून ओघळून ती चिखलात मिसळली. संपलंच.

सगळे परतले तेव्हा दोन्ही अर्धुकं टेबलावर होती.

"पाणी होतं का?" धाकटीने विचारलं.

नव्हतं म्हटलं असतं तर कोण ओळखणार होतं? तिथे सगळंच ओलं होतं.

"होतं," थोरली म्हणाली. "तुला खोटं पाडायला कापला मी."

मालकांनी कपाळावर हात मारला. धाकटीने निदान ओरडावं, असं थोरलीला वाटत होतं. धाकटी ओल्या स्फटिकांवरून नुसती बोट फिरवत राहिली.

"कसं होतं हो, ताई?"

"अगदी नितळ. हाताला गार लागलं."

"बघा! ओळखलं मी, आणि पाहायला मिळालं तुम्हाला."

धाकटीचा आवाज चिरका झाला होता. तो कशाने, हे थोरलीला कोणी सांगायला नको होतं. त्या दुखण्याची पारख तिच्याइतकी त्या शेडमध्ये कोणालाच नव्हती.